प्रागचा जुना चौक कसा वाचावा

तासाचा ठोका पडायला दहा मिनिटं उरली की प्रागच्या जुन्या टाउन हॉलसमोर गर्दी दाटते. माना वर, मोबाईल त्याहून वर. ठोक्याला सांगाडा दोरी ओढतो, वरच्या दोन खिडक्यांमागून येशूचे बारा प्रेषित एकेक करून सरकत जातात, शेवटी सोनेरी कोंबडा आरवतो (आरवतो म्हणायचं, कानावर येतो तो दम लागलेल्या भोंग्याचा आवाज), आणि मिनिटाभरात खिडक्या बंद. एखादी मराठी टूर असली तर लगेच ऐकू येतं, "झालं? एवढंच?" पहिल्या खेपेला हे वाक्य माझंच होतं.

दुसऱ्या खेपेला मी मुद्दाम ठोका होऊन गेल्यावर पोचले. गर्दी पांगली होती आणि तबकडी मात्र चालूच होती. घटका, राशी, चंद्राच्या कला, सूर्यास्त, सगळं तिथे मांडलेलं. पंचांग उघडं टाकून कुणीतरी आत चहा ठेवायला गेलंय, असं वाटलं. तेव्हापासून प्रागला निघालेल्या प्रत्येकाला मी सांगते की खेळ चुकला तरी चालेल, तबकडी चुकवू नका. चौकाचंही तसंच आहे. तिथली निम्मी गोष्ट वर मनोऱ्यात आहे आणि निम्मी पायाखालच्या फरशीवर.

निघण्याआधी

चेक प्रजासत्ताक शेंगेन क्षेत्रात आहे, म्हणजे त्या व्हिसावर युरोपात फिरत असाल तर प्रागसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. चलन मात्र युरो नाही, कोरुना. काही दुकानं युरो घेतात, पण दर त्यांचा. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. थोडी रोकड स्वच्छतागृह आणि टपऱ्यांसाठी पुरते.

चौकासाठी एका दिवसातल्या दोन फेऱ्या ठेवा. एक सकाळी सात-साडेसातला, दुसरी सूर्यास्ताच्या सुमाराला. टूरबरोबर गेलात तर वाट्याला तास-दीड तास येतो, तोही भर दुपारचा. अशा वेळी हॉटेलातून पहाटे एकट्याने सटकून या, नाश्त्याला परत पोचाल. जूनमध्ये उजाडतं पाचच्या आत आणि सूर्य मावळतो रात्री सव्वानऊच्या पुढेमागे. डिसेंबरात आठला उजाडतं आणि चारला दिवस संपतो. नाताळ आणि ईस्टरच्या बाजारांत चौक सुंदर दिसतो खरा, पण फरशीवरच्या खुणा टपऱ्यांच्या आणि माणसांच्या पायाखाली जातात. शांतपणे बघायचं असेल तर मे किंवा सप्टेंबर.

बूट जाड तळव्याचे घ्या. इथल्या दगडी फरसबंदीला चेक लोक 'मांजराची डोकी' म्हणतात, आणि चाकांची बॅग ओढत दोनशे पावलं चाललात की नाव का पडलं ते मनगटाला कळतं.

पोचायचं कसं

विमानतळावरून ५९ क्रमांकाची ट्रॉलीबस नाद्राझी वेलेस्लावीन स्थानकापर्यंत येते. तिथून हिरवी मेट्रो, म्हणजे 'ए' मार्ग, थेट स्तारोम्येस्त्स्का स्थानकात. तिकीट अंतरावर नसून वेळेवर आहे. तेवढ्या वेळात बस, ट्राम, मेट्रो काहीही बदला. कागदी तिकीट घेतलंत तर पहिल्या प्रवासाच्या सुरुवातीला पिवळ्या यंत्रात घालून त्यावर शिक्का मारायचाच. बिनशिक्क्याचं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि तपासनीस साध्या कपड्यांत असतात.

स्तारोम्येस्त्स्काहून चौक पाच मिनिटांवर आहे. तरी पहिल्यांदा जाताना मी दुसरा रस्ता सुचवेन. पिवळ्या 'बी' मार्गावरच्या नाम्येस्ती रेपुब्लिकी स्थानकात उतरा, काळ्या पडलेल्या दारूगोळ्याच्या मनोऱ्याखालून चेलेत्ना गल्लीत शिरा आणि सरळ चालत राहा. बोहेमियाचे, म्हणजे जुन्या चेक राज्याचे, राजे राज्याभिषेकाला याच वाटेने किल्ल्याकडे जात. गल्ली अरुंद आहे, किंचित वळते, आणि शेवटी एकदम उघडते ती चौकातच. वाड्याच्या अंधाऱ्या दिंडीतून चौसोपी अंगणात पाऊल पडावं, तसं होतं.

आधी जमिनीकडे बघा

सरळ मध्यभागी जा. हिरवट पडलेल्या कांस्याचा मोठा समूह दिसेल, तो यान हुसचा. हा धर्मसुधारक ६ जुलै १४१५ रोजी कॉन्स्टन्स इथे जिवंत जाळला गेला. लादिस्लाव शालोउनने घडवलेलं स्मारक बरोबर पाचशे वर्षांनी, १९१५ साली इथे आलं. तेव्हा राज्य ऑस्ट्रियाच्या कॅथलिक हॅब्सबर्ग घराण्याचं होतं, हे लक्षात ठेवून पुतळ्याची नजर बघा.

काही पावलांवर उंच स्तंभावर मेरी उभी आहे. मूळ स्तंभ १६५० चा, स्वीडिश सैन्यापासून शहर वाचल्याच्या कृतज्ञतेचा. पण पुढे लोकांच्या मनात तो हॅब्सबर्गांच्या सत्तेची खूण होऊन बसला. ऑस्ट्रियाचं साम्राज्य कोसळलं आणि ३ नोव्हेंबर १९१८ ला जमावाने दोर लावून तो पाडला. परत कधी उभा राहिला? २०२० मध्ये, शंभरावर वर्षं आणि बऱ्याच भांडणानंतर. पुतळा कुठे असावा, कुणाचा असावा आणि त्याचं तोंड कुठे असावं, यावर हयात घालवणारी माणसं आपल्याला नवीन नाहीत.

आता खाली बघा. स्तंभाजवळून फरशीत एक पितळी पट्टी गेलेली आहे. हे प्रागचं रेखावृत्त. मेरीच्या स्तंभाची सावली या रेषेवर पडली की शहराची दुपार झाली, असा हिशोब होता. लॅटिन आणि चेकमध्ये तसं कोरलेलंही आहे. स्तंभ नव्हता त्या शंभर वर्षांत रेषा होती आणि सावली नव्हती. आता जमतं. हिवाळ्यात बाराच्या आसपास, आणि उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे असल्यामुळे एकच्या आसपास, ऊन असेल तर इथे उभं राहा. काही मिनिटं मागेपुढे होतील, कारण सूर्य घड्याळ बघून चालत नाही. शाळेच्या मैदानात काठी रोवून मध्यान्ह काढलेल्या कुणालाही ही पाच मिनिटं आवडतील.

मग टाउन हॉलच्या मनोऱ्याच्या पूर्व अंगाला जा. फरशीत पांढऱ्या दगडांचे सत्तावीस क्रूस आहेत. लोक त्यांवरून आइस्क्रीम खात चालत जातात. तुम्ही जरा कडेने जा. १६२० च्या नोव्हेंबरात पांढऱ्या डोंगराच्या लढाईत हॅब्सबर्गांविरुद्ध उठलेले बोहेमियन सरदार हरले आणि २१ जून १६२१ ला त्यांच्यातल्या सत्तावीस पुढाऱ्यांना याच जागी मारलं गेलं. तीन उमराव, सात सरदार, सतरा नागरिक. त्यांत यान येसेनियस नावाचा वैद्य होता, प्रागमध्ये १६०० साली जाहीर शवविच्छेदन करून दाखवणारा. त्याची आधी जीभ कापली. भिंतीवरच्या फलकात सगळ्यांची नावं आहेत.

तिथेच मान वळवलीत तर मनोऱ्याला चिकटून इमारतीचा एक तुटका तुकडा दिसेल आणि पुढे झाडांची मोकळी जागा. टाउन हॉलची एक अख्खी बाजू मे १९४५ मध्ये, युद्ध संपता संपता, जळाली. तिथे काय बांधावं यासाठी कितीतरी स्पर्धा झाल्या, बांधलं काहीच नाही. मला विचाराल तर बरंच झालं. बसायला सावली फक्त तिथेच आहे.

घड्याळ: निदान अर्धा तास

आता टाउन हॉलच्या दक्षिण भिंतीशी या, पण ठोक्यानंतर दहा मिनिटांनी. या घड्याळाला ऑर्लोय म्हणतात. १४१० चं आहे. कादान्यचा घड्याळजी मिकुलाश आणि ज्योतिर्विद यान शिंडेल यांनी केलेलं. गाइड मात्र हानुश नावाच्या कारागिराची कथा सांगतील: असं दुसरं घड्याळ कुणाला करून देऊ नये म्हणून नगरपित्यांनी त्याचे डोळे काढले वगैरे. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची कथा ऐकलेली असल्यामुळे आपल्याला ओळख पटायला वेळ लागत नाही. दोन्ही कथा सारख्याच खोट्या.

दोन तबकड्या आहेत. वरची खगोलाची, खालची दिनदर्शिकेची. वरची वाचायची अशी:

मधोमध पृथ्वी आहे. कोपर्निकसच्या आधीचं घड्याळ, त्यामुळे सूर्य तिच्याभोवती फिरतो. मागचा निळा भाग म्हणजे दिवस, खालचा काळा म्हणजे रात्र, आणि मधला तांबूस पट्टा संधिप्रकाशाचा. सूर्याचं सोनेरी चिन्ह कुठल्या रंगावर आहे बघा आणि मग आभाळाकडे बघा. दोन्ही जुळतात.

सूर्याच्या काट्याच्या टोकाला सोन्याचा हात आहे. तो रोमन आकड्यांवर आपली नेहमीची वेळ दाखवतो, चोवीस तासांची, म्हणजे बारा-बाराचे दोन संच. उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवायचा, नाहीतर घड्याळ मागे पडलंय असं वाटून मोबाईल झटकत बसाल.

सगळ्यात बाहेरच्या काळ्या कड्यावर वळणदार सोनेरी आकडे आहेत, १ ते २४. ही जुनी चेक वेळ. तिचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. सूर्यास्त रोज सरकतो म्हणून हे कडंही मागेपुढे सरकतं. हात २१ वर असेल तर सूर्यास्ताला तीन तास उरले. घरी कधी परतायचं हे शेतकऱ्याला याहून सोपं कोण सांगणार? आपल्याकडे पत्रिकेसाठी इष्टघटी काढताना सूर्योदयापासून मोजतात. यांनी दुसरं टोक धरलं, एवढाच फरक.

निळ्या भागावरच्या वाकड्या सोनेरी रेषा नीट बघा, कारण त्यांच्याकडे कुणीच बघत नाही. त्या उगवतीपासून मावळतीपर्यंतच्या वेळेचे बारा सारखे भाग करतात. दिवस मोठा तर तास मोठा. प्रागमध्ये जूनचा असा तास साधारण ऐंशी मिनिटांचा होतो आणि डिसेंबरचा चाळीसचा. ही आपल्या पंचांगातली होरा. दिनमानाचे बारा भाग करायचे आणि एकेक भाग एकेका ग्रहाला द्यायचा, हीच ती रीत. आजीने राहुकाळ काढताना दिनमानाचे आठ भाग करताना पाहिलं असेल, तर या रेषा तुम्हाला शेजारच्या युरोपियन पर्यटकापेक्षा लवकर कळतील.

राशींचं वेगळं कडं आहे, मध्यापासून जरा ढळलेलं. मेष, वृषभ, मिथुन, चिन्हं ओळखता येतात. सूर्य कुठल्या राशीत आहे पाहा आणि मोबाईलमधलं पंचांग काढा. जुळणार नाही, निदान बहुतेक दिवस तरी! एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घड्याळाचा सूर्य मेषेत आणि आपला अजून मीनेत. घड्याळ सायन आहे, म्हणजे राशी वसंतसंपातापासून मोजतं, आपलं पंचांग निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून, आणि दोघांत आज सुमारे चोवीस अंशांचं अंतर पडलं आहे. माझ्या मावशीचा यावर तिथल्या तिथे निकाल होता, की घड्याळ जुनं झालंय, चुकणारच.

चंद्राच्या काट्यावर अर्धा काळा, अर्धा रुपेरी गोळा आहे. तो स्वतःभोवती वळून कला दाखवतो. तिथी माहीत असेल तर पडताळा. छोटी तारकाही आहे, ती नाक्षत्रकाळ, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेली वेळ, दाखवते. तिच्यावर मात्र मी फार वेळ घालवला नाही.

खालच्या तबकडीवर ३६५ दिवस आहेत आणि प्रत्येक दिवसाला एक नाव. चेक लोकांत अजून त्या नावाच्या माणसाला त्या दिवशी शुभेच्छा देतात. मधली बारा वर्तुळं म्हणजे बारा महिन्यांची शेतीभातीची कामं. ती योसेफ मानेसने १८६६ साली रंगवली. मूळ चित्रं संग्रहालयात आहेत, इथे प्रत. २०१८ च्या दुरुस्तीनंतर बसवलेली नवी प्रत मुळाला धरून नाही, अशी ओरडही झाली.

एवढं झालं की पुढच्या ठोक्यापर्यंत थांबायला हरकत नाही. आता प्रेषितांकडे दुर्लक्ष करून बाजूच्या चार बाहुल्या बघा. आरसा धरलेला गर्विष्ठ, थैली धरलेला कंजूष, सांगाडा आणि तुर्क. सांगाडा घंटा वाजवून मान हलवतो, 'चला'. बाकीचे तिघे मुंड्या हलवतात, 'नाही'. हा खेळ सकाळी नऊ ते रात्री अकरा, दर तासाला. पहिला आणि शेवटचा सगळ्यात निवांत. बॅग पोटाशी धरा. सगळ्यांचे डोळे वर असतात, पाकीटमारांचे सोडून.

आत काय बघावं, काय सोडावं

टाउन हॉलच्या मनोऱ्याचं तिकीट घ्याच. मनोरा सुमारे सत्तर मीटर उंच आहे. वर लिफ्ट जाते, गुडघे दुखणाऱ्यांनीही यावं. त्याच इमारतीतल्या छोट्या प्रार्थनागृहातून प्रेषितांचं चाक मागच्या बाजूने दिसतं, आणि खाली तळघरं आहेत. तेराव्या शतकात पुराच्या भीतीने इथली जमीन भर घालून उचलली, त्यामुळे त्याआधीच्या घरांचे तळमजले आज जमिनीखाली आहेत. म्हणजे तुम्ही चालता तो चौक जुन्या चौकाच्या माळ्यावर आहे.

पूर्वेला दोन काळ्या सुळक्यांचं टीन चर्च दिसतं, पण दार सापडत नाही. समोरच्या घरांच्या कमानीतून बोळात शिरायचं. वेळा तुटक आहेत, दुपारी मध्येच बंद, सोमवारी बहुधा उघडतच नाही. उघडं मिळालं तर लाल संगमरवरात चिलखत घातलेला टिखो ब्राहे शोधा. दुर्बिणीच्या आधीचा सगळ्यात काटेकोर आकाशनिरीक्षक, १६०१ साली इथेच वारला आणि या चर्चमध्ये पुरला. बाहेर दोन सुळक्यांमध्ये सोनेरी मेरी आहे. तिथे पूर्वी हुसच्या अनुयायांचा सोन्याचा पेला होता. पांढऱ्या डोंगराच्या पराभवानंतर तो वितळवून मेरीची प्रभावळ केली, असं सांगतात.

शेजारचा गुलाबी-पांढरा किन्स्की राजवाडा बाहेरून पुरे. लेखक फ्रांझ काफ्का त्यातल्या शाळेत जायचा, पुढे तळमजल्यावर त्याच्या वडिलांचं दुकान होतं, आणि २१ फेब्रुवारी १९४८ ला त्याच राजवाड्याच्या सज्जातून कम्युनिस्ट नेता क्लेमेंट गोटवाल्डने भाषण केलं, ज्यानंतर चार दिवसांत देशात कम्युनिस्ट सत्ता आली. दक्षिणेच्या ओळीत १७ क्रमांकाच्या घरावर आइनस्टाइनची पाटी आहे. १९११-१२ मध्ये तो प्रागला प्राध्यापक होता आणि बेर्टा फांटाच्या इथल्या बैठकीत येऊन व्हायोलिन वाजवायचा. वायव्येचं पांढरं सेंट निकोलस चर्च संध्याकाळच्या संगीत मैफलीसाठी ठेवा, नाहीतर पाच मिनिटं डोकावून पुढे चला.

खाणं आणि फसणं

दोन्ही एकत्र, कारण चौकात ती बहुधा एकत्रच येतात. टपऱ्यांवर लिहिलेला भाव पुष्कळदा शंभर ग्रॅमचा असतो, बशीचा नव्हे. भाजलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे विक्रेता सढळ हाताने वाढतो आणि मग वजन करतो. आधी विचारा. साखरेत घोळलेली गुंडाळी, त्र्देल्निक, 'पारंपरिक' म्हणून विकतात. प्रागची ती परंपरा काही फार जुनी नाही. गरम असते, गोड असते, मुलांना आवडते, तेवढ्यावर घ्या.

शाकाहारी असाल तर ब्रांबोराक मागा, किसलेल्या बटाट्याचं लसूण घातलेलं थालीपीठ. अंडं असतं आणि कधी चरबीत तळतात, तेवढं विचारून घ्या. 'स्माझेनी सीर' म्हणजे तळलेलं चीज, बटाट्याबरोबर. 'बेझ मासा' म्हणजे मांसाशिवाय. चौकाच्या कडेला मांडलेल्या खुर्च्यांचं भाडं बिलात असतं असं समजा. दोन गल्ल्या आत गेलात की तेच जेवण स्वस्त आणि बरं मिळतं. न मागता आलेल्या ब्रेडचे पैसे लागतात. पाणीही फुकट नाही.

नोटा बदलायच्या आधी 'मला हातात किती कोरुना मिळतील' हा एकच प्रश्न विचारा. काचेवर 'कमिशन शून्य' लिहिलेल्या एका खिडकीवर मी हा प्रश्न न विचारता शंभर युरो दिले होते. कमिशन खरंच शून्य होतं, दर भयानक होता. २०१९ पासून कायदा असा आहे की १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत पावती दाखवून रद्द करता येतो. मला ते रात्री हॉटेलात कळलं. रस्त्यात 'चांगला दर देतो' म्हणणाऱ्याला हातही दाखवू नका. तो दुसऱ्याच देशाच्या नोटा टेकवतो. एटीएमने 'तुमच्या चलनात रूपांतर करू का' विचारलं तर नाही म्हणा.

संध्याकाळची फेरी

मावळतीचं ऊन पश्चिमेकडून येऊन टीनच्या सुळक्यांवर पडतं. फोटो तेव्हाचा. सकाळी त्याच्यामागून सूर्य येतो, तेव्हा नुसत्या काळ्या आकृत्या मिळतात. सूर्यास्ताच्या क्षणी घड्याळापाशी असाल तर सोन्याचा हात २४ वर येतो. त्या वेळी ठोका पडत नाही, काही हलत नाही, आणि तिथे बहुधा तुमच्याशिवाय कुणी नसतं.

मग छोट्या चौकातून कार्लोवा गल्लीने चार्ल्स पुलाकडे निघा. रात्री दहानंतर ही गल्ली चालण्याजोगी होते. पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी मोठा मनोरा आहे. सकाळी ज्यांचे क्रूस पाहिलेत त्यांच्यातल्या बारा जणांची मुंडकी त्याच्यावर दहा वर्षं टांगलेली होती. पुलावर वारा असतो, जूनमध्येही. जाकीट बरोबर ठेवा.